मन उठवायचं औषध

आमचं घर कळंबला, पुणे-नाशिक रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. कांद्याचे ट्रक वळणावर आले की ब्रेकचा फुसकारा थेट चुलीपर्यंत ऐकू यायचा. आई चुलीपुढून न उठता सांगायची, ही नारायणगावची एसटी, ही मंचरहून आलेली, हा नुसताच टेंपो. तिचं सहसा चुकत नसे. दारात बसून रस्त्याकडे बघत राहणं हे तिचं एकमेव व्यसन होतं. त्या रस्त्यानं बेल्ह्याचा तिचा भाऊ येई, आणि त्याच्याशिवाय तिच्या माहेरचं दुसरं कुणीच राहिलं नव्हतं. माझ्या आधी तिला दोन मुलं झाली होती, दोन्ही जगली नव्हती. वडिलांना मी दादा म्हणायचे. ते गवंडी होते, बांधकामावरून आले की आधी हातांवरचं सिमेंट तेल लावून काढायचे आणि मगच ताटाला हात लावायचे. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देवांचे टाक घोड नदीत सोडले होते. भिंतीतला तो कोनाडा पुढं बरीच वर्षं रिकामाच होता. मी शाळेत जायला लागले आणि दादांनी त्यात माझी पुस्तकं ठेवली. त्या कोनाड्याला पाय लागेल असं बसलेलं त्यांना चालत नसे.

दहावीच्या वर्षी आम्हाला चव्हाणबाई होत्या. शिकवायच्या शास्त्र, पण शनिवारी शेवटच्या तासाला पुस्तक मिटवून ठेवायला सांगायच्या आणि स्वतःला कसं घडवायचं यावर बोलायच्या. पहाटे उठावं, थंड पाण्यानं तोंड धुवावं, धडा वाचून पुस्तक बंद करावं आणि तो कुणाला तरी सांगावा. ऐकायला कुणी नसेल तर भिंतीला सांगावा. दुसऱ्याच्या मार्कांशी आपले मार्क लावून बघू नयेत. वर्गातल्या बाकीच्या मुलींना हा तास लवकर सुटायचा तास वाटे. मी मात्र त्यातला शब्दन् शब्द खरा धरला होता. पहाटे भिंतीपुढं बसून मी तिला उष्णतेचं वहन समजावत असे आणि आई बाजरीचं पीठ मळता मळता म्हणे, "भिंतीला काय कळतंय गं नले? गोठ्यात जाऊन म्हशीला सांग, ती मान तरी हालवंल." आता माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये तिला पाणी पी, उठून उभी राहा, आता वाच, असं सांगणारं काहीतरी आहे. ती त्याचं ऐकते. चव्हाणबाईंपेक्षा त्याचा आवाज गोड आहे, एवढाच फरक मला दिसतो.

मामा आला की घरात मासवड्या व्हायच्या. बेसन घोटून फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण पसरायचं, फडक्यासकट वळकटी करायची, माशाच्या आकारानं दाबायची आणि वड्या कापायच्या. सोबत तिखटजाळ रस्सा. एरवी आमच्याकडं हुलग्याचं पिठलं नाहीतर कोरड्यास असे. त्या दिवाळीत मामा जेवता जेवता दादांना म्हणाला, "दाजी, नलीचं काय ठरवलंय? बबन आता मानसात आलाय. बाजारात जनावराची पारख करतोय, लोकं त्याला इचारून बैल घेत्यात."

बबन हा त्याचा मोठा मुलगा. मला त्याला द्यायचं, हे मी पाळण्यात असतानाच आईनं भावाला सांगून टाकलं होतं. त्या वयात मुलीचं लग्न ठरवणं तेव्हा कुणाला खटकत नसे.

दादा म्हणाले, "शिकतीया ती."

"शिकू द्या की. धाव्वी झाली का बास."

"बास का नाय, त्ये ती ठरवंल."

मामा हसला. "पोरींना इचारायची पाळी आली व्हय आता?" आईनं मामाच्या वाटीत न विचारता आणखी रस्सा वाढला, आणि विषय तेवढ्यावर राहिला.

भातकापणी चालू होती तेव्हा एक दिवस आई मला म्हणाली, "तुझ्या डोस्क्यात समदं नीट ऱ्हावं म्हनून घाटघरच्या बाईचं औषध आनू. दादांना सांगू नगं. त्यांना असलं काय चालत नाय." त्यांना खरंच चालत नव्हतं. एकदा शेजारीण माझ्या तापावर अंगारा घेऊन आली, तर दादांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं आणि तिला बोलावलं म्हणून आईशी तो सगळा पावसाळा ते धड बोलले नव्हते. मला मात्र औषधाची कल्पना आवडली. चव्हाणबाईंचे नियम एका बाजूनं आणि घाटघरची मुळी दुसऱ्या बाजूनं, म्हणजे मग कुठलंच भोक उरणार नाही, असा माझा सरळ हिशेब होता.

जुन्नरला गाडी बदलून आम्ही घाटघरला गेलो. नाणेघाटाकडून वारा असा येत होता की आईला पदर दातात धरून चालावं लागलं. औषधवाल्या भागूबाईचं घर उतरत्या छपराचं, दारात खळं, खळ्यावर भाताच्या पेंढ्या. ती म्हातारी असेल असं मला वाटलं होतं. निघाली चांगली उंच, आईच्याच वयाची, दंडांवर गोंदलेली. तिच्याबद्दल मुलखात बरंच बोललं जाई. दारूवरचं मन ती उठवते, रुसलेल्या नवऱ्याचं मन बसवते, झोप उडालेल्याला झोप देते आणि नको त्याची झोप उडवतेही. काही लोक तिच्या दारातून जाताना मुलांना पदराआड घेत आणि तीच माणसं अडल्यावर तिच्या खळ्यावर येऊन बसत.

तिनं मला जीभ काढायला लावली, तळहात हुंगले, कपाळाला चुलीतली राख लावली आणि पुटपुटत माझ्या डोक्यावरून मूठभर मीठ उतरवून विस्तवात टाकलं. मीठ तडतडलं. मग तिनं विचारलं, "काय पायजे गं तुला?"

"वाचलेलं ध्यानात ऱ्हायला पायजे."

तिनं आईकडं पाहिलं. आई घाईनं म्हणाली, "नले, तेवढी बाईंची कळशी भरून आन झऱ्यावरनं."

कळशी घेऊन परत आले तोवर पळसाच्या पानात बांधलेली पुडी आईच्या ओटीत गेली होती. शिवाय काळ्या दोऱ्यात बांधलेला वेखंडाचा तुकडा होता, तो उशाखाली ठेवायचा. पुडीतली राखाडी पूड पहाटे दुधातून घ्यायची आणि भिंतीवर ऊन येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. ती चवीला इतकी कडू होती की पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. पण पुढचे दोन महिने माझा अभ्यास जसा झाला तसा आयुष्यात परत कधी झाला नाही. कडू दूध पोटात गेलं की डोकं धुतल्यासारखं लख्ख होई. न बोलण्याच्या नियमामुळं भिंतीला सांगायचे धडे मी मनातल्या मनात सांगू लागले आणि ते जास्तच पक्के बसले. चाचणीत मी वर्गात पहिली आले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं," आणि पातेलं घासायला बाहेर गेली.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दिवशी शाळा लवकर सुटली. मी घराच्या मागच्या बाजूला रांजणापाशी पाय धूत होते. आत मामा आलेला होता. तो म्हणत होता, "आक्का, तुझा मालक काय ऐकायचा नाय. लोकं मला इचारत्यात, काय सांगू?"

"तू गप ऱ्हा," आई म्हणाली. "घाटघरच्या बाईचं औषध चालू केलंय. पुस्तकावरनं मन उठंल तिचं. टैम लागतो म्हनलीय बाई."

"लागू पडतंय का पर?"

"आजून तरी नाय."

दळण संपलंय असं सांगावं, तसा तिचा आवाज होता. मी दुसरा पाय धुतला, दप्तर उचललं, पुढच्या दारानं घरात गेले. मामानं माझ्या हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या. त्या मी खाल्ल्या. आज इतक्या वर्षांनी तो दिवस आठवते तेव्हा राग कुठं होता ते शोधते, पण तो सापडत नाही. भीती होती. आईनं मला काय दिलं यापेक्षा ते किती दिवस आपल्या पोटात जात होतं, याची.

दुसऱ्या दिवसापासून मी दूध मागच्या दारच्या शेवग्याच्या मुळाशी ओतू लागले. आईनं डब्यात ठेवलेली पुडी आणि उशाखालचा वेखंड, दोन्ही नदीत टाकले. आईच्या लक्षात आलं असणार, पण ती बोलली नाही. औषध थांबलं आणि विसरणं सुरू झालं. आधी लहानसहान गेलं, एखादी सनावळी, एखादं सूत्र. मग धडा वाचून पुस्तक मिटलं की मागं काहीच उरेना. ओळी डोळ्यांखालून जात, पण आत उतरत नसत. मला वाटे, औषध रक्तात भिनलं आहे आणि आता ते त्याचं काम संपवूनच थांबेल. पूर्वपरीक्षेत शास्त्राच्या पेपरला हृदयाची आकृती काढायची होती. मी बाहेरची रेघ काढली आणि घंटा होईपर्यंत त्या रिकाम्या हृदयाकडं बघत बसले.

चव्हाणबाईंनी बोलावून विचारलं, "नलिनी, घरी काही झालंय का?"

"नाय बाई."

दादांना सांगणं शक्य नव्हतं. शेजारणीच्या अंगाऱ्यावरून ज्यानं पावसाळाभर अबोला धरला, तो माणूस हे कळल्यावर आईला घरात ठेवील का, याची मला खात्री नव्हती. मग उरली एकच जागा. एका रविवारी जादा तास आहे असं सांगून मी सकाळच्या गाडीनं निघाले आणि एकटीच घाटघरला गेले.

भागूबाई खळ्यावर वाळलेला हिरडा निवडत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"कोन गं तू?"

"कळंबची. भातकापनीत आले व्हते, आईबरूबर."

"आसशील."

"आईनं औषध नेलं व्हतं तुमच्याकडनं. त्ये मन उठवायचं व्हतं का बसवायचं?"

तिचे हात थांबले. "हितं लई जन येत्यात, पोरी. कुनाला काय दिलं त्ये माझ्या ध्यानात ऱ्हात नाय."

ध्यानात राहण्याचं औषध देणाऱ्या बाईच्या ध्यानात राहत नाही, यातली गंमत मला पुष्कळ वर्षांनी कळली. तेव्हा मी तिथंच खाली बसून रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. हिरडा निवडणं चालू ठेवलं. मग म्हणाली, "पुडी आनलीयास का? वासावरनं सांगंन."

"टाकून दिली."

"कवा?"

"संक्रांत झाल्यावर लगीच."

"मंग कशाला रडतीस? माझं औषध बंद केल्यावर हप्ताभरबी टिकत नाय, कोनतंबी आसू दे. त्ये आता तुझ्या अंगात नाय. आता जे काय व्हतंय त्ये तुझं तूच करतीस."

हे तिनं धीर द्यायला म्हटलं नाही. थोडं वैतागूनच म्हटलं, आपल्या मालाबद्दल कुणी भलतं बोललं की दुकानदार वैतागतो तसं. परतीची गाडी दुपारी होती. तिनं मला नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली, हिरड्याचा ढीग माझ्यापुढं सरकवला आणि बारीक-मोठा वेगळा करायला लावला. गाडीची वाट बघत आम्ही दोघी निवडत बसलो. मध्येच तिनं विचारलं, "शाळंत काय शिकिवत्यात एवढं, का तुझी आई भ्याली?"

समोर झाड होतं, म्हणून म्हटलं, "झाडं आपलं अन्न पानात तयार करत्यात, त्ये शिकिवत्यात."

"पानात? आन चूल कुठाय?"

"उनावर करत्यात. पानी मुळातनं घेत्यात, हवा पानातनं घेत्यात, आन उनावर त्याची साखर करत्यात."

"मंग रातीचं उपाशी ऱ्हातं व्हय झाड?"

"दिवसा केलेलं साठवून ठेवतंय की."

"कुठं?"

"खोडात, फळात, मुळात. तुमी मुळ्या उकरून आनता ना, त्येच असतंय साठवलेलं."

तिनं हातातला हिरडा फिरवून पाहिला. "म्हंजी मी झाडांची कनगी लुटतीया म्हन की." मग तिचा पुढचा प्रश्न, पावसाळ्यात इथं दिवस-दिवस ऊन दिसत नाही तेव्हा काय? मी ढगातून येणाऱ्या उजेडाचं सांगितलं. ते तिला पटलं नाही. पानं झडल्यावर काय? अंधारात वाढलेलं रोप पिवळं का पडतं? त्याचं उत्तर मला येत होतं, ते मी दिलं, तर म्हणाली, "त्ये खरं हाय, कनगीखाली उगवल्यालं मी बघितलंय." अळंबीला पान नसतं, ती कशी जगते, हे तिनं विचारलं तेव्हा गाडीचा हॉर्न वाजला आणि मी उत्तर देत देतच पळाले.

जुन्नर मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं, आपण अख्खा धडा सांगितला. पुस्तकातल्या शेवटच्या टिपेसकट. एकदम सगळं ठीक झालं असं काही वाटलं नाही. मी खिडकीबाहेर बघत हृदयाची आकृती मनात काढायला घेतली. कप्पे आले, झडपांपाशी अडले. मग त्याही आल्या.

कळंबच्या थांब्यावर आई उभी होती. मी उतरले तशी म्हणाली, "शाळंत जाऊन आले मी. कुलूप हाय शाळंला."

"घाटघरला गेले व्हते. त्ये औषध कशासाठी व्हतं मला म्हाईत हाय."

एक ट्रक आला. तो जाईपर्यंत ती थांबली. "मंग? दादांना सांगनार?"

"नाय."

"सांग की. मी काय चोरी नाय केली. दोन गेली माझी, तू येक ऱ्हायलीस. शिकून तू पुन्याला जाशील, तितनं आनि लांब कुटं. बेल्ह्याला आसतीस तर बाजाराच्या दिशी तोंड तरी दिसलं आसतं तुझं."

"मला बबनशी लगीन नाय करायचं."

"बबन वाईट हाय का?"

"नाय."

"मंग?"

"मला शिकायचंय, आई."

मी वाट बघत होते, ती रडेल किंवा मारेल. ती म्हणाली, "चल. भाकरी गार व्हत्यात." दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नेहमीसारखा दुधाचा पेला आणला, माझ्यासमोर उभी राहून आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग पेला माझ्यापुढं धरला. मी दूध प्यायले. त्यात साखर होती.

ती पूड कशाची होती ते मला आजही माहीत नाही. मी पुढं वनस्पतिशास्त्र घेतलं, जन्मभर घोडेगावच्या शाळेत शिकवलं, आणि दोन जाणत्या वैद्यांना रंग-चव सांगून विचारलंही. राखाडी आणि कडू म्हणजे काहीही असू शकतं, असं दोघंही म्हणाले. नातीला तिची आई बुद्धी वाढवणाऱ्या गोळ्या देते, त्याच्या बाटलीवर सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी चष्मा लावून ते वाचते आणि बाटली परत ठेवते.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन आले त्या संध्याकाळी आईनं दादांना सगळं आपणहून सांगितलं. मी तिथंच होते. दादांचं तेल लावणं अर्ध्यावर थांबलं. ते ओरडले नाहीत. पुढचे काही दिवस जेवण बांधकामावरच घेतलं, आणि एक दिवस धुतलेला सदरा घालून बेल्ह्याला गेले. मामाला त्यांनी भर बाजारात, चार लोकांपुढं सांगितलं की पोरगी पुढं शिकणार आहे आणि तिचं लग्न इथं होणार नाही. घरात बसवून सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, असं आई नंतर पुष्कळदा म्हणाली. चार लोकांत पाणउतारा झाल्यावर मामा म्हणाला, आता माझ्या दाराला येऊ नका, माझी बहीण मला मेली.

निकाल लागला. मी चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि पुण्याच्या कॉलेजात, वसतिगृहात राहून शिकायचं ठरलं. दादांनी पेढे आणले. आईनं त्यातले थोडे कागदात बांधले आणि मला म्हणाली, "चल बेल्ह्याला." दादांनी ऐकलं, पण अडवलं नाही.

बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर बैल आणि टेंपो एकमेकांत अडकलेले. मामाच्या ओट्यावर आम्ही बसलो. मामी पाणी घेऊन आली, माझ्या पाठीवरून हात फिरवून आत गेली. मामा घरातच होता, त्याचं खोकणं ऐकू येत होतं. आई मोठ्यानं म्हणाली, "नली पास झाली रं. पेढं आनलेत." मामा बाहेर आला नाही. आम्ही बसून राहिलो. बबन बैलाचा कासरा धरून दारातून गेला, आम्हाला बघून थबकला, खाली बघून पुढं गेला. ऊन ओट्यावर चढलं तेव्हा आईनं पेढ्यांचा कागद उंबऱ्याच्या आत ठेवला आणि उठली.

थांब्यावर सावली नव्हती. आई डोक्यावर पदर ओढून रस्त्याकडं बघत उभी होती. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, की मी नाही जात पुण्याला, निदान एवढं तरी. मी म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तितं हॉस्टेलात जेवायला काय देत्यात गं?"

मी ते वसतिगृह तेव्हा बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण मी सांगायला लागले, सकाळी चहा आणि पोहे, दुपारी पोळी, उसळ, भात, रविवारी गोड. ती मान हलवत ऐकत होती, मध्येच विचारत होती, भाकरी नाही का देत, ताक असतं का. मी असतं म्हणाले.